दहा टक्क्यांच्या आत

फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात खेळाडूंच्या पायांसाठी बर्फाच्या पिशव्या. डोक्यात एकच आकडा.

तीनशे दहा.

क्लबच्या कचेरीच्या भिंतीवर पंचवीस खेळाडूंच्या नावांची यादी. सव्विसावी ओळ नाही. आखायला जागाही नाही.

"गेला. हॅमस्ट्रिंग. चार महिने तरी," फोनवर एवढंच ऐकू आलं.

"कोण गेलं?" नवऱ्याने विचारलं. "माझ्यामुळे गेला," ती म्हणाली. त्याला वाटलं, कुणी वारलं. तो टीव्ही बंद करायला उठला, तर टीव्ही लावलेलाच नव्हता.

ती फुटबॉल संघाची फिजिओ. खेळाडू तिला ताई म्हणत. सामान सांभाळणारा म्हातारा मात्र 'मालीशवाल्या बाई' म्हणे. फोन त्याचाच होता. संघ दुसऱ्या गावी खेळत होता आणि ती घरी कपाटं आवरत बसली होती. सामना बघायचा धीर झाला नव्हता. म्हाताऱ्याला पुढे काही विचारायचाही झाला नाही.

गेला तो टोळ. नुसते पायच पाय, म्हणून टोळ. तीन आठवड्यांपूर्वी सरावात त्याच्या डाव्या मांडीचा मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, दुखावला. शुक्रवारपर्यंत तंदुरुस्तीचा दाखला मिळाला नाही, तर त्याचं नाव दीर्घकाळ जायबंदी असलेल्यांच्या यादीत जाणार होतं आणि जागा दुसऱ्याला. वय एकतीस. या वयात यादीतून उतरलेल्याला परत कोणी चढवत नाही.

चाचणी साधी. पालथं झोपायचं, टाचेने यंत्र दाबायचं, आकडा वाचायचा. आधी दुखरा पाय, मग चांगला. दोघांतला फरक दहा टक्क्यांच्या आत आला की माणूस तंदुरुस्त.

सोमवारी डावा दोनशे सत्तर, उजवा साडेतीनशे.

"नापास," टोळ उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"गुरुवारी परत बघू."

गुरुवारी डावा दोनशे नव्वद. तिने यंत्राचा पट्टा उजव्या पायाला लावला. तीनशे दहा.

तिने यंत्र पुसलं. परत घेतलं. तीनशे आठ.

"जोर लाव की रे."

"लावतोय, ताई."

"सगळा?"

"आहे तेवढा सगळा. तीन आठवडे एकाच पायावर संसार चाललाय. तो तरी किती ओढणार?"

तिला हसू आलं. असे बहाद्दर तिने पूर्वीही पाहिले होते. डावा वाढत नसेल, तर उजवा हळू दाबायचा. फरक आपोआप मिटतो. टोळाची नजर जमिनीवर होती. चोरी पकडली गेली की माणूस असाच खाली बघतो.

सोमवारचा आकडा तिला तोंडपाठ होता. पण कागदावर जुन्या आकड्याला रकाना नव्हता. तिने २९० लिहिलं, ३१० लिहिलं, खाली 'तंदुरुस्त' लिहिलं आणि सही ठोकली.

"नक्की ना, ताई?"

"माझ्यावर सोड," ती म्हणाली आणि डोळा मारला. तो क्षणभर गोंधळला. मग तोही हसला.

हे गुरुवारी. फोन शनिवारी. रविवारी तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

"त्याचा पाय काही तू नाही फाडलास," नवरा म्हणाला.

"सही मीच केली ना?"

यावर त्याने ताट उचललं.

सोमवारी सकाळी ती क्लबच्या चिटणीसांसमोर उभी राहिली. संघ अजून परतला नव्हता, दवाखान्याचे कागद यायचे होते. चिटणीस यादीवर पेन्सिल आपटत होते.

"बसा. तुमच्या टोळाने चांगलाच घोळ घातला. आधीच पाच जण जायबंदी, जागा एकही रिकामी नाही, आणि शुक्रवारनंतर जायबंदीच्या जागी दुसरा घेता येत नाही. आणि करार आहे म्हणून हा लंगडा घोडा हंगामभर तबेल्यात बांधून ठेवायचा."

"साहेब, चूक माझी आहे."

तिने सगळं सांगितलं. साडेतीनशे, तीनशे दहा, तीनशे आठ. चिटणीसांची पेन्सिल थांबली.

"म्हणजे त्याने मुद्दाम जोर कमी लावला?"

"जागा वाचवायला धडपडत होता हो. मला कळलं आणि मी गप्प बसले. काय शिक्षा करायची ती मला करा."

"तुम्हाला कशाला? तुम्ही खरं बोललात." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या फक्त."

तिने लिहिलं. स्वतःच्या चुकीच्या सहा ओळी, टोळाची एक. चिटणीसांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि त्या एका ओळीखाली रेघ मारली.

"चाचणीत लबाडी केली की करार तिथेच संपतो. जागा मोकळी."

"अहो, पण तो दवाखान्यात पडलाय!"

"नियम मी नाही केला, बाई. दुपारपर्यंत त्याला पत्र जाईल."

भिंतीवरच्या यादीत त्यांनी एका नावावर काट मारली. तिने मान वळवली. कठोर होतं, पण खोटं तर नव्हतं. तिने आपल्या परीने काही लपवलं नव्हतं.

बाहेर फाटकाजवळ फोन वाजला. टोळाचा. कुठल्या तोंडाने बोलणार? तिने तो वाजू दिला. थांबला, परत वाजला, परत थांबला. छातीवरचा धोंडा मात्र उतरला होता. तीन दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली. कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन केळी घेऊन तिने ती उभ्या उभ्याच खाल्ली.

शनिवारी, सामन्याच्या अकराव्या मिनिटाला, टोळाचा फाटला तो उजव्या मांडीचा स्नायू, आहे तेवढा सगळा जोर लावून तीनशे दहावरच थांबलेला.