बारा चिठ्ठ्यांचा अंदाज

तिसरा चहा आला तरी हाशमच्या तोंडून पैशाचा शब्द निघाला नव्हता. डाळमिलवाल्या तोतारामआबाच्या गुडघ्याची चौकशी झाली, तुरीच्या भावाची झाली, नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या लाइटच्या लपंडावाची झाली. आता विचारायचं एकच उरलं होतं. ते सोडून हाशमने समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीफ केली. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

जळगावात हाशमचं डाळमिलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पट्टे, चाळण्या, बेअरिंग असा माल उधार जाई आणि बदल्यात गिऱ्हाईक वचनचिठ्ठी लिहून देई, अमुक तारखेला अमुक रक्कम देईन म्हणून. तारीख उलटली की हाशम वसुलीला निघे. दोंडाईच्याच्या वसुलीहून परतताना पिशवीत लाल मिरच्या असत, आणि त्याही त्याने रोख पैसे मोजून घेतलेल्या असत. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. हाशमच्या दुकानात दोघी बहिणी गल्ल्यावरच बसत.

यंदा त्याच्या मुलीने, माहेनूरने, हिशेब हातात घेतले. अकाउंट शिकलेली पोर. थकलेल्या बाराच्या बारा चिठ्ठ्या तिने टेबलावर मांडल्या. "अब्बा, प्रत्येकीसमोर लिहा, किती टक्के येतील. जे येणार नाहीत ते आजच तोटा म्हणून धरायचे. बुडायची वाट बघायची नाही."

हाशमने बारा वेळा शंभर लिहिलं. माणसं चांगली आहेत, असं कारणही दिलं. माणूस ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं त्याला तीस वर्षं वाटत आलं होतं.

माहेनूरने सगळे शंभर खोडले. सर्वांत मोठी चिठ्ठी तोतारामची, चार लाखांची. या महिन्यात तिला तीन वर्षं पुरी होत होती आणि त्यानंतर ती कोर्टात चालणार नव्हती. म्हणजे चार लाख सरळ तोट्यात. एवढा तोटा दिसला की बँक कर्जाची मर्यादा कापणार आणि दुकानात नवा माल भरायला पैसा उरणार नाही. "आबांकडून हप्त्यांची नवी चिठ्ठी करून आणा," माहेनूर म्हणाली. "सहीशिवाय घरी येऊ नका."

म्हणून हाशमने गाडीत वाक्य पाठ केलं. 'माझे पैसे कधी देता?' नरडाणा येईपर्यंत वीसेक वेळा तरी म्हटलं असेल. एकदा ते चुकून मोठ्याने म्हटलं गेलं, तर दाराशी उभ्या शेंगदाणेवाल्याने दचकून त्याचे राहिलेले पाच रुपये आणून दिले. वर माफी मागितली. हाशमच्या आयुष्यातली ही पहिली यशस्वी वसुली होती.

जेवणाची सुट्टी झाली आणि आबाची मिल थांबली. मशीनचा आवाज थांबला तशी हाशमला लपायला जागा उरली नाही.

"आबा," तो म्हणाला. कान तापले होते. पाठ केलेलं वाक्य ऐन वेळी पार उडालं. "माझे पैसे द्या ना."

तोताराम त्याच्याकडे बघतच राहिला. हाशमने घाईघाईने नवी चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली आणि डोळे जमिनीला लावले. संपली पंचवीस वर्षांची ओळख, त्याला वाटलं. पण तोतारामने चष्मा चढवला, चिठ्ठी दोनदा वाचली आणि मुकाट्याने सही केली. पन्नास हजारांचा पहिला चेकही फाडून दिला.

हाशम अंगणात धावला आणि त्याने माहेनूरला फोन लावला. "मागितले!" तो ओरडला. "सही झाली! चेकपण!"

"तुम्ही मागितले, अब्बा? तुम्ही स्वतः?" तिने तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी तिचा आवाज ओला झाला.

दुकान वाचलं होतं. हाशमची छाती सदऱ्यात मावेना. उरलेल्या अकरा जणांकडे कोणत्या वारी जायचं, हेही त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मोठा वसुलीवालाच झाला होता तो.

निरोप घ्यायला तो आत आला. तोतारामची सून नूतन मिलचे हिशेब बघत असे. ती कॉम्प्युटरसमोर कपाळाला हात लावून बसली होती.

"काका, आता सगळं उलटं फिरवावं लागणार," ती म्हणाली. "तुमचे चार लाख आम्ही गेल्या मार्चलाच आमच्या उत्पन्नात घेतले. त्यावर टॅक्ससुद्धा भरला."

"माझे पैसे? तुमच्या उत्पन्नात?"

"जे देणं फेडावं लागणार नाही, ते उत्पन्नच ना. ऑडिटरने विचारलं, हा माणूस कधी पैसे मागेल का? आबा म्हणाले, मागणार नाही. पाहिजे तर लिहून देतो."

हाशम खुर्चीत मटकन बसला. बारा जणांचे टक्के मांडताना आपलेही कोणी मांडले असतील, हे त्याला सुचलंच नव्हतं. आणि तोतारामचा अंदाज त्याच्यापेक्षा किती चोख! त्याला लाज वाटली, मग हसूच फुटलं.

"आबा, माझी एवढी खात्री होती तुम्हाला?"

तोतारामने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात कुचेष्टा नव्हती, उलट मायाच होती.

"मन्हं एकलानंच काय, हाशमभाऊ? नरडाणापासून दोंडाईचापावत बठ्ठाच लोक तुमले उत्पन्नमा धरतस."