खालून आलेली सुई

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात अण्णा फणसे खुर्चीत आडवे पडले होते. खालची ही शेवटची दाढ वाचली तर ठीक, नाहीतर उरलेलं आयुष्य भाकरी दुधात कुस्करून खायची होती.

डॉक्टर मालिनीबाईंनी दाढेच्या मुळात बारीक सुई घातली आणि ती कुठवर पोचली ते मोजायला एक्स-रे काढला. धुतलेली फिल्म त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. सुई मुळाच्या टोकाला दोन मिलिमीटर कमी पडत होती. आणि जबड्यातून, खालून, दुसरी एक सुई वर येत होती.

"दोन घातल्यात?" अण्णांनी वासल्या तोंडानंच विचारलं.

"एकच हो! फिल्म हलली असेल तुमच्या बोटाखाली."

दुसऱ्या फिल्ममध्ये दोन्ही सुयांमधलं अंतर एकच मिलिमीटर उरलं. खालच्या सुईला बाईंच्या सुईसारखी मापाची रबरी चकतीसुद्धा होती.

"कोण आहे ते शिकलेलं दिसतंय," अण्णा कौतुकानं म्हणाले.

तिसऱ्या फिल्ममध्ये दोन्ही टोकं भिडली होती. बाईंनी घाईघाईनं आपली सुई ओढली. ती निघेना.

"अण्णा, दुखतंय का?"

"दुखत नाही. पण बाई, सोडू नका. दाढ खाली चाललीय."