दोन्याचा नंबर

"तुमच्या मुलाला ट्रकने उडवलंय," फोनवरचा माणूस म्हणाला. "मी सायगॉनच्या इस्पितळातून डॉक्टर बोलतोय. त्रुओंग व्हान क्वांग तुमचाच ना?"

थोआबाईंच्या हातातला तांदळाचा ओला पापड बांबूच्या जाळीवर जायचा, तो अंगणात पडला. क्वांग हे नाव त्यांनी मुलाला शाळेत घालताना घेतलं होतं. त्यानंतर आजच ऐकलं.

"जीव आहे ना त्याच्यात?"

"आहे, पण डोक्यात रक्त साकळलंय. अनामत रक्कम आत्ता पाठवा, मावशी, म्हणजे लगेच ऑपरेशनला घेतो. फोन मात्र ठेवू नका." मागे कोणीतरी कण्हत होतं.

शेजारीण, जिला सगळे सहावी म्हणत, आपले पापड टाकून धावत आली. तिने फोनला कान लावला आणि तोंड वाकडं केलं. "थापाड्या आहे मेला! मासळीवालीला फोन आला होता ना, तसलाच."

"आणि खरा असला तर?" थोआबाईंनी फोन पुन्हा आपल्या कानाशी नेला. फोनमध्ये त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, कितवा मुलगा?"

"थोरला. एक नंबरचा."

सहावीने मांडीवर थाप मारली. मेकाँगकाठच्या या मुलखात एक नंबरचं मूल नसतंच. थोरल्याला दोन म्हणायचं, पुढे तीन, चार. एक मोकळा सोडायचा, म्हणजे पहिलं लेकरू न्यायला आलेलं भूत हिशेबातच चुकतं. पिढ्यान्‌पिढ्या भुतं अशी चुकत आली आहेत. थोआबाईंचा थोरला म्हणजे दोन्या. सहावीला तर स्वतःचं खरं नाव आठवायला ओळखपत्र काढावं लागे.

"पण डॉक्टर उत्तरेकडचा असेल," थोआबाई कुजबुजल्या. "त्या लोकांना कुठे आपल्यासारखं मोजता येतं?"

हे सहावीलाही पटलं. उत्तरेकडच्यांबद्दल काहीही सांगा, तिला पटायचं.

"डॉक्टर, त्यालाच विचारा. म्हणावं, आई विचारतेय, तू कितवा?"

कण्हणं थांबलं. काहीतरी कुजबुज झाली. मग कण्हणं पुन्हा सुरू झालं, मघापेक्षा जरा मन लावून.

"विचारलं, मावशी. रडतोय बिचारा. म्हणतो, आईला सांगा, तुझा एक नंबर बोलावतोय."

थोआबाईंनी डोळे मिटले. "डॉक्टर असेल उत्तरेकडचा," त्या हळूच म्हणाल्या. "माझा मुलगा कधी गेला उत्तरेला?" आणि त्यांनी फोन बंद केला.

"शाब्बास!" सहावी म्हणाली. "चल, ऊन चाललंय."

पण थोआबाईंना राहवेना. पिठाळलेल्या बोटांनी त्यांनी दोन्याला फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी.

"अगं, ट्रकखाली गेलेल्याचा फोन बिझी लागत नाही. पोरगी असेल एखादी. लग्नाचं बघ आता."

"इतका वेळ बोलतो का कुणी?"

"तुझा नवरा नसेल बोलला. माझा बोलायचा. लग्नाआधी."

थोआबाई हसल्या नाहीत. उन्हात पापड कडकडीत होऊन जाळीवरून सुटायला लागले, तरी त्या फोन लावतच राहिल्या. सहावीने त्यांचेही पापड गोळा करायला घेतले.

अखेर पलीकडे घंटा वाजली आणि पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"आई!"

दोन्याच होता. थोआबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "बाळा, बरा आहेस ना रे? बोल काहीतरी."

"तू बोलू नकोस, आई, डोक्यावर ताण येईल." तो धापा टाकत होता. "मी सगळं ऐकलंय. डॉक्टर इतका वेळ माझ्याशीच बोलत होते. होते नव्हते तेवढे पैसे पाठवलेत मी, आत्ताच. पण आई, ऑपरेशनच्या टेबलावर तुला फोन कोणी दिला?"