एक फोटो जुळेना

डोणगावच्या आपल्या स्टुडिओत प्रसेनजित स्वतःच्याच लग्नाचे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवत होता. एरवी वेळ वाचवायला तो फाइलची तारीख अन् आकार तेवढा जुळवायचा.

"अहो, आज फोटोच्या आतलं बी पुरं तपासा," टेबलावर दोघांचा चहा ठेवत बायको, सारिका, म्हणाली. "लागू द्या वेळ."

स्क्रीनवरची तपासणीची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकली आणि एका फोटोवर अडली. तारीख तीच, आकार तोच. मूळ फोटोत पांढऱ्या साडीतली सारिका त्याच्या शेजारी उभी होती. नकलेत तिच्या जागी नुसती भिंत.

वैतागून त्यानं 'दोन्ही सारखे करा' दाबलं. कशावरून काय उतरणार, ते पाहिलंच नाही.

मूळ फोटोतही भिंत आली.

"सारिका, हे पाह्य बरं!"

तो वळला. टेबलावर चहाचा एकच कप होता.