बाहेर जाऊन आलेलं रक्त

सोपानच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर तळेगावच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, “वाहिलेलं रक्त मशीनमध्ये धुऊन तुम्हालाच परत चढवलं. तुमचंच आहे ते.”

दहाव्या दिवशी नंदाबाई नवऱ्याला घेऊन आंदर मावळात परतली. धुक्यात गाडी चाललीय की गावच जवळ सरकतंय, तेच कळत नव्हतं.

घराला कुलूप तसंच होतं. शेजारच्या सवितानं आणून दिलेला भाकरतुकडा नंदाबाईनं सोपानवरून ओवाळून टाकला.

“आनी एकदा ओवाळ,” तो म्हणाला. “रगतबी भायेर जाऊन आलंय न्हवं?”

ती हसली. तिनं दुसरा तुकडा उचलला.

तेवढ्यात कुलूपबंद दाराआडून सोपानचाच झोपाळलेला आवाज आला, “नंदे, कुनाला ओवाळतीस गं? मी तर कवाच आलोय.”