खिडकीखालची जागा

नीलमला काही वळणच नव्हतं. चार बायकांत बसावं, कुणी बोललं तर हसावं, एवढी साधी रीत. पण ही बया सगळ्यांकडं पाठ करून एकटीच सूप घेऊन बसायची. आणि बसायची कुठं, तर खिडकीपासून सगळ्यात लांब, नेमकी वजनकाट्याच्या अंगाला. काट्यावर भावकू. भावकू म्हणजे मालुबाईचा नवरा.

खिडकीखालची जागा मालुबाईची. निपाणीच्या त्या तंबाखूच्या वखारीत वारा यायचा तो तेवढ्याच एका जागी. बाकी सगळीकडं नाकाडोळ्यांत जाणारी धूळ. सासू गेली आणि ती जागा मालुबाईकडं आली, जागेबरोबर वखारीतला मानही आला. बायका, हमाल, सगळे तिला आक्का म्हणायचे.

नवी बाई कामाला आली की तिचं नातं आक्काच लावून द्यायची. जिला बहीण केलं, तिच्याशी हमालांनीसुद्धा खालमानेनं बोलायचं. जिला वहिनी केलं, तिची थट्टा सगळ्यांना मोकळी. नीलम आली त्या दिवशी भावकू काट्यावरनंच म्हणाला, "हिला बहीण करूया."

एवढी माया कुठनं उतू चालली?

"वैनी," मालुबाई म्हणाली. "वैनीच शोभती."

नीलमचा नवरा ट्रकवर. बेंगळूरकडं गेला की आठवड्यानं उगवायचा. एका सोमवारी ती डोळे चोळत कामाला आली. मालुबाईनं खिडकीखालनं हाळी दिली, "काय गं वैनी, रात्री गाडी आली वाटतं! माल सगळा उतरला, का हाय अजून शिल्लक?"

वखार खदाखदा हसली. हमालांनी पोती टाकली आणि हसले. हसला नाही तो भावकू.

"पुरे की गं," तो म्हणाला.

मालुबाईच्या काळजात तिथंच ठिणगी पडली. लग्न झाल्यापासून हा माणूस असल्या थट्टेला पोट धरून हसत आला. आजच ह्याला का टोचली?

मग ती डोळ्यांत तेल घालून बघायला लागली. नीलमचं पोतं भावकू सगळ्यांच्या आधी काट्यावर घ्यायचा, म्हणजे बाईसाहेब लवकर घरी. नीलम साडीवर नवऱ्याचा सदरा चढवून यायला लागली, भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत गुंड्या लावून. सोमवारी तर तिनं यायचंच सोडलं.

"सदरा कशापायी गं? नवऱ्याचा वास सोडवत न्हाय व्हय?" मालुबाईनं विचारलं. वखार हसली.

एकदा नीलम वाकून सूप भरत होती. "वैनी, पदर सांभाळ. काट्यावरच्या माणसाचं माप चुकाय लागलंय." वखार पुन्हा हसली. नीलम त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेली.

जेवताना भावकू म्हणाला, "कशाला लागलीयास त्या पोरीच्या मागं?"

"मी लागलेय, का तुमी?"

तो ताट सारून उठला. आता मालुबाईला आणखी काही बघायची गरज उरली नव्हती.

शनिवारी मालकाची सून रचना खिडकीपाशी आली. बेळगावात शिकलेली पोर. सरकारी नियम आहे म्हणून तिनं वखारीत तक्रार समिती केली होती. त्यात ती स्वतः, एक वकीलबाई आणि कामगारांतर्फे मालुबाई. समिती अजून एकदाही बसली नव्हती.

"आक्का, नीलमची तक्रार आहे. इथं तिला घाणेरडं बोललं जातं म्हणे. नाव मात्र ती समितीपुढंच सांगणार आहे."

मालुबाईनं काट्याकडं बघितलं. म्हणजे भावकू. आपल्या पाठीमागं काहीबाही बोलला असणार, आणि आता ही अंग काढून घेतेय. अब्रू गेली, संसारही गेला. पण कारभारणीनं नवऱ्याला पाठीशी घातलं, असं कुणी म्हणायला नको.

"झाकून कशाला?" ती म्हणाली. "वखारीतच बसूया. समद्यांसमोर."

"तसं करता येत नाही, आक्का. नीलमला विचारायला हवं."

नीलमला विचारलं. "चालंल," ती म्हणाली.

समिती बसली त्या दिवशी मालुबाई आपल्याच जागेवर बसली. शेजारी रचना आणि वकीलबाईंना दोन खुर्च्या टाकल्या, समोर नीलम उभी. भावकू काट्यापाशी, मान खाली घालून. चोराची मान अशीच असते, मालुबाईच्या मनात आलं.

वकीलबाई म्हणाल्या, "थट्टा कुठं संपली आणि घाण कुठं सुरू झाली, हे ठरवणं अवघड असतं."

"काय अवघड न्हाय," मालुबाई म्हणाली. "जिची केली ती हसली, तर थट्टा. ती सोडून बाकीचे हसले, तर घाण. हितं अंगठेबहाद्दर बाईलाबी कळतंय."

रचनानं तिच्याकडं कौतुकानं बघितलं. "मग शिक्षा काय करायची, आक्का?"

"नाव ऐकायच्या आधीच सांगते. घरातला म्हणून सोडला, असं व्हायला नको." मालुबाईनं भावकूवर नजर रोखली. "ज्यानं कुणी म्हटलंय त्यानं हात जोडून हिची माफी मागायची, आणि वखारीतली आपली जागा सोडायची. आज न्हाय, आत्ता. मग तो माझ्या कुंकवाचा धनी का असंना."

सुपं थांबली. भावकूनं डोळे मिटून घेतले.

"सांग, नीलम," रचना म्हणाली.

नीलमनं सदऱ्याची वरची गुंडी नीट लावली आणि पहिल्यांदाच खिडकीकडं सरळ बघितलं.

"उठा, आक्का."