रोडेलचं कपाळ

रविवारची प्रार्थना संपली, की ती घ्यायला बाहेरून येणाऱ्या म्हाताऱ्या क्लेमेन्सियाच्या उजव्या हाताची पाठ घामाने ओलसर होई. फिलिपिन्समधल्या दावाओच्या तुरुंगातले कैदी एकेक करून वाकत आणि तिचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेत. रोडेलचा नंबर आला, की मात्र तो हात बायबल उचलायला वळे.

आज रोडेल भिंतीपाशीच थांबला.

"काय रे, कपाळ कोठडीत विसरलास काय?" रांगेतून टोमणा आला.

"आईंना कशाला त्रास?" तो म्हणाला. "त्यांचा मुलगा माझ्याच हातून मेला."

क्लेमेन्सियाने बायबल बाकावर ठेवलं आणि हात पुढे केला.

"दर रविवारी तुझ्यासाठीच येते रे, आणि दर रविवारी कच खाते. आज वाक."